ऊन, कॅल्शियम आणि भार : दिव्यांग मुलांच्या हाडांविषयी एक संवाद

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले तीर्थपुरी साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याच्या पुढेमागे आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातील सर्वांत लहान दिवशीसुद्धा तो मध्यान्ही क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंच असतो. गोदावरीच्या खोऱ्यातील या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ऊस, कापूस आणि मोसंबी पिकवणाऱ्या माणसांना पाण्याची चिंता वर्षानुवर्षे ठाऊक आहे, उन्हाची टंचाई मात्र कोणालाही ठाऊक नाही. असे असूनही ज्या मुलाला स्वतःच्या पायांनी घराचा उंबरठा ओलांडता येत नाही, त्याच्या शरीरात उन्हावाचून तयार न होणाऱ्या एका द्रव्याचा तुटवडा पडू शकतो, आणि तो तुटवडा त्याच्या हाडांना भोवतो. हे द्रव्य म्हणजे जीवनसत्त्व ड.

सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण त्वचेवर पडले की तेथील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून हे जीवनसत्त्व बनते, पुढे यकृतात आणि त्यानंतर मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन त्याला क्रियाशील रूप येते, आणि त्या रूपात ते आतड्यातून कॅल्शियम व फॉस्फरस ही खनिजे रक्तात शोषून घेण्यास मदत करते. त्याचा दीर्घकाळ अभाव राहिला तर वाढत्या हाडांच्या टोकांशी खनिज नीट साठत नाही, हाड मऊ राहते, मनगटे रुंदावतात आणि पाय वाकतात. या विकारालाच मुडदूस म्हणतात. जपानमध्ये वैद्यकीय सेवा केलेल्या थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये निरनिराळ्या देशांतील परिस्थितीची तुलना करून मुडदुसाचा संबंध सूर्यप्रकाशाच्या अभावाशी जोडला, आणि १९१९ मध्ये बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश देऊन त्यांची हाडे सुधारतात हे क्ष-किरण चित्रांनी दाखवले.

चालत्या-फिरत्या मुलापुरते या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष म्हणजे स्पायना बायफिडा, किंवा डुशेन प्रकारचा स्नायुक्षय यांमुळे ज्या मुलांची हालचाल मर्यादित झाली आहे, त्यांच्याबाबत मात्र दोन भिन्न मते मांडली जातात. एका मतानुसार प्रश्न मूलतः पोषणाचा आहे आणि तो औषधाने सुटतो. दुसऱ्या मतानुसार प्रश्न मूलतः हालचालीचा व घरकोंडीचा आहे आणि औषध हा त्याचा लहानसा भाग आहे. पुढील संवादात पहिले मत एक बालरोगतज्ज्ञ मांडतात आणि दुसरे मत घरोघरी जाऊन मुलांना व्यायाम देणाऱ्या एक भौतिकोपचारतज्ज्ञ मांडतात. दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. त्यांनी आधार घेतलेली माहिती मात्र प्रस्थापित आहे.

बालरोगतज्ज्ञ : ताई, प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांत जीवनसत्त्व ड कमी आढळले. ही देशातील सर्वसाधारण मुले आहेत. दिव्यांग मुलावर याहून तीन कारणे अधिकची कोसळतात : ते उन्हात कमी जाते, त्याला चावणे-गिळणे जड जात असल्याने त्याचा आहार अपुरा राहतो, आणि त्याला झटके येत असतील तर फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे यकृतातील विकरांचा वेग वाढवून शरीरातील जीवनसत्त्व ड लवकर संपवतात. या तिन्ही कारणांवर रोजचे थेंब हा स्वस्त, सुरक्षित आणि लगेच हाताशी असलेला उपाय आहे. पहिल्या वर्षी रोज ४०० एकके आणि त्यानंतर रोज ६०० एकके ही मात्रा मुडदुसाविषयीच्या २०१६ च्या जागतिक सहमतिपत्रानेही सांगितलेली आहे.

भौतिकोपचारतज्ज्ञ : थेंबांना विरोध नाही, डॉक्टर. पण तुम्ही सांगितलेल्या तीन कारणांतील पहिले कारण तुम्ही एका वाक्यात ओलांडून गेलात, आणि तेच सर्वांत बोलके आहे. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपडपट्टीतील दोन प्रकारच्या लहान मुलांची तुलना केली होती. काही मुले दिवसभर पाळणाघरात असत आणि काही बाहेर उन्हात खेळत. शहर तेच, गरिबी तीच, सूर्यही तोच. तरी आत राहणाऱ्या मुलांत जीवनसत्त्व ड ची कमतरता कितीतरी अधिक निघाली. ती मुले तर धडधाकट होती आणि संध्याकाळी पाळणाघरातून बाहेर पडत होती. ज्याचे पाळणाघर म्हणजे घराची मधली खोली आहे आणि जिथून त्याला कोणी उचलल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, त्या मुलाच्या रक्तातील कमतरता ही त्याच्या कोंडलेपणाची खूण आहे. थेंबांनी ती खूण पुसली जाईल, पण कोंडलेपण तसेच राहील.

बालरोगतज्ज्ञ : पण कोंडलेपण संपेपर्यंत हाड थांबत नाही. शिवाय ऊन हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडे बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवण्याची रीत आहे. तिचे इतर फायदे असतील, पण सकाळी सूर्य खाली असताना त्याचे किरण वातावरणाच्या जाड थरातून तिरपे येतात आणि अतिनील-ब किरण वाटेतच गाळले जातात. खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ येतच नाहीत. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो. पुण्यातील पुरुषांच्या एका अभ्यासात पुरेशी पातळी राखण्यासाठी रोज तासाहून अधिक काळ उन्हात वावरणे आवश्यक ठरले. परिणामकारक ऊन हवे तर ते दुपारचे, आणि मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी स्वतःहून सावलीत सरकू न शकणाऱ्या मुलाला बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. झटक्यांवरील टोपिरामेटसारख्या औषधाने घाम कमी येतो, त्या मुलाला तर उष्माघाताची भीती अधिकच.

भौतिकोपचारतज्ज्ञ : मग ऊन ऋतूप्रमाणे निवडावे. माणसाची सावली त्याच्या उंचीहून आखूड असते तेव्हा सूर्य ४५ अंशांच्या वर असतो आणि अतिनील-ब किरण पुरेसे मिळण्याची शक्यता असते, हा नियम ढोबळ असला तरी घरच्या माणसाला घड्याळावाचून वापरता येतो. तीर्थपुरीच्या अक्षांशावर हिशेब केला तर मे महिन्यात सकाळी सव्वानऊच्या सुमारासच सावली तेवढी आखडते, म्हणजे उन्हाचा तडाखा वाढण्याआधी थोडा वेळ हाती असतो. डिसेंबरात ती साडेअकरा ते सव्वा या वेळेतच तशी असते, आणि त्या दिवसांत दुपारचे ऊन सोसवते. हिवाळ्यात दुपारी आणि उन्हाळ्यात साडेनऊला, डोके झाकून आणि हातपाय उघडे ठेवून, मुलाला ओसरीवरून अंगणात आणावे इतकेच करायचे आहे. अडचण उन्हात नाही, आणणाऱ्या हातांत आहे. दिवाळीनंतर उसतोडीसाठी आईवडील बाहेरगावी गेले की मूल एकतर त्यांच्याबरोबर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जाते किंवा आजीजवळ राहते, आणि दहा वर्षांच्या मुलाला उचलणे आजीला झेपत नाही.

बालरोगतज्ज्ञ : नेमक्या याच कारणासाठी थेंब आवश्यक आहेत. आजीला मूल उचलता येत नसले तरी थेंब देता येतात. पावसाळ्यात महिनामहिना ढग असतात आणि काळ्या मातीच्या चिखलात चाकांची खुर्ची रुतते. त्या काळाचे काय?

भौतिकोपचारतज्ज्ञ : त्या काळासाठी थेंब असावेत, हे मान्य. आता एक मूलभूत गोष्ट विचारात घ्यावी. हाड दोन निरनिराळ्या प्रकारे कमजोर होते. पहिल्या प्रकारात हाडाचा साचा असतो पण त्यात खनिज भरत नाही. हा मुडदूस, आणि तो जीवनसत्त्व ड व कॅल्शियम यांनी बरा होतो. दुसऱ्या प्रकारात मुळात हाडच थोडे बनते. ते बारीक, पातळ भिंतींचे आणि विरळ राहते, म्हणजे ठिसूळ होते. जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना घडते. गुरुत्वाकर्षणाचा भार नसलेल्या अंतराळवीरांच्या खुब्याची खनिजघनता महिन्याला सुमारे १ ते दीड टक्क्याने घटते, आणि ती प्रौढ, सुदृढ, उत्तम आहार घेणारी माणसे असतात. जे मूल जन्मापासून उभेच राहिले नाही, त्याच्या मांडीच्या हाडाला बनण्याची आज्ञाच मिळालेली नसते. विटा आणि सिमेंट दारात येऊन पडले, तरी गवंड्याला कामाचा हुकूम मिळाल्याशिवाय भिंत उभी राहत नाही.

बालरोगतज्ज्ञ : त्याला पुरावा आहे, हे नाकारता येणार नाही. अमेरिकेत हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या ११७ मुलांची अस्थिघनता मोजली, तेव्हा ७७ टक्के मुलांत मांडीच्या हाडाची घनता त्या वयाच्या अपेक्षेपेक्षा फारच कमी होती, आणि ९ वर्षांवरील, उभे राहू न शकणाऱ्या जवळजवळ सर्वच मुलांत ती तशी आढळली. पण ताई, तुमच्या युक्तिवादात एक धोका आहे. मुडदुसाने मऊ झालेल्या हाडावर भार दिला तर ते दुखते आणि वाकते. उभे करण्याआधी त्यात खनिज भरलेले हवे. तीव्र ठिसूळपणात मोठ्या रुग्णालयात शिरेतून दिली जाणारी पॅमिड्रोनेटसारखी बिस्फॉस्फोनेट औषधे देण्यापूर्वीसुद्धा जीवनसत्त्व ड आणि कॅल्शियम पुरेसे आहे याची खात्री करावी लागते, अन्यथा रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली येते. म्हणून उपचारांच्या क्रमात पोषण पहिले.

भौतिकोपचारतज्ज्ञ : पोषण पहिले, तर कॅल्शियमचीही तितकीच काळजी करावी. शोषून घ्यायला आहारात कॅल्शियमच नसेल तर जीवनसत्त्व ड काय करील? सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते ३० मिलिग्रॅमच्याही आत असते. मराठवाड्यातील मुलाचे मुख्य अन्न भाकरी. तीही ज्याला चावता येत नाही त्याला कालवून, पातळ करून, तासभर बसून भरवावी लागते.

बालरोगतज्ज्ञ : जागतिक सहमतिपत्रानेही दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून कमी कॅल्शियम हे मुडदुसाचे स्वतंत्र कारण मानले आहे, आणि मुडदुसाच्या उपचारात जीवनसत्त्वाबरोबर रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम देण्यास सांगितले आहे. पुण्याच्या त्याच संस्थेने वंचित घरांतील लहान मुलांना कॅल्शियमयुक्त लाडू देऊन पाहिले आणि जीवनसत्त्व ड च्या जोडीने अधिक कॅल्शियम मिळालेल्या मुलांच्या हाडांत अधिक खनिज साठल्याचे दाखवले. घरातील अन्नातून हे साधायचे तर दूध आणि दही आहे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, तर तिळात १२०० हून अधिक कॅल्शियम असते, जरी तिळातील सगळे शरीराला लागत नाही. नाचणीची आंबील, बारीक कुटलेला तीळ घातलेली पेज, शेवग्याच्या पाल्याची गाळलेली आमटी हे पदार्थ चावावे लागत नाहीत. ज्याला पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, त्याच्यासाठी ते दाट ठेवावेत आणि भरवताना त्याला टेकवून ताठ बसवावे.

भौतिकोपचारतज्ज्ञ : आणि तेच मूल ताठ बसवण्याऐवजी अंगणात पट्ट्यांच्या आधाराने उभ्या चौकटीत ठेवले, ज्याला स्टँडिंग फ्रेम म्हणतात, तर भार आणि ऊन एकाच वेळी मिळते. ही चौकट गावातील सुतारालाही मोजमाप देऊन बनवता येते. फक्त खुबा आणि गुडघा योग्य जागी टेकले आहेत ना हे जाणत्या व्यक्तीने तपासलेले असावे.

बालरोगतज्ज्ञ : उभे करण्याचा लाभ किती, हेही सांगायला हवे. इंग्लंडमध्ये कॉल्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चालू न शकणाऱ्या मुलांचा उभे राहण्याचा वेळ निम्म्याने वाढवला, तेव्हा मणक्याच्या हाडाची घनता ६ टक्क्यांनी सुधारली, पण पायाच्या नळीच्या हाडात फरक पडला नाही. मोडतात ती तर बहुधा पायाचीच हाडे.

भौतिकोपचारतज्ज्ञ : लाभ मर्यादित आहे, हे खरे. तरीही सांधे आखडू नयेत, मुलाने माणसांच्या उंचीवरून जग पाहावे, अंगणात चाललेल्या गप्पांत आणि खेळात त्याने असावे, ही उभे करण्याची कारणे हाडाहून कमी मोलाची नाहीत. हाड मोडण्याविषयी तर घरोघरी बोलले पाहिजे. या मुलांचे हाड पडल्याने क्वचित मोडते. विजार चढवताना पाय पिळला गेला, कडक झालेला सांधा जोराने ताणला, जोरकस मालिश झाली, एवढ्यानेही गुडघ्याच्या वरचे मांडीचे हाड मोडते. जे मूल बोलू शकत नाही ते नुसते रडते. स्पायना बायफिडा असलेल्या मुलाला तर पायात संवेदनाच नसते, त्यामुळे पाय सुजतो, लाल होतो, गरम लागतो आणि घरच्यांना वाटते की आत पू झाला आहे.

बालरोगतज्ज्ञ : आणि मग दवाखान्यात आईवर संशय घेतला जातो की मुलाला मारहाण झाली असावी किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष झाले असावे. संशय कधी खरा असू शकतो आणि तो तपासलाच पाहिजे. पण वर्षानुवर्षे एकटीने मूल सांभाळणाऱ्या बाईला हाडांचा हा ठिसूळपणा आधी कोणी सांगितलेला नसेल, तर तो दोष तिचा नव्हे, न सांगणाऱ्या वैद्यकाचा आहे.

भौतिकोपचारतज्ज्ञ : म्हणून शिकवण्याची पहिली गोष्ट थेंबांआधीची आहे : मुलाला पायाला धरून ओढू नये, मांडीखाली आणि पाठीखाली हात घालून उचलावे, कपडे सैल असावेत आणि ते कडक बाजूवर आधी चढवावेत. आणखी एक गोष्ट तुम्हीच सांगावी, डॉक्टर. औषधांच्या दुकानात ६०,००० एककांची पुडी सहज मिळते. एकाने आठवड्याला सांगितली, दुसऱ्याने पुन्हा लिहून दिली, शक्तीची म्हणून घरच्यांनी चालूच ठेवली, असे होत राहते.

बालरोगतज्ज्ञ : ते धोक्याचे आहे. जीवनसत्त्व ड मेदात साठते आणि अतिरेक झाला तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी, पाण्याचा शोष आणि मूत्रपिंडात खडे असे विकार होतात. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलात बद्धकोष्ठ आधीच असतो, त्यामुळे अतिमात्रेची खूण लपून जाते. मोठी मात्रा ठरावीक मुदतीसाठी आणि वैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यावी. रोजच्या ६०० एककांसाठी मात्र रक्ततपासणीची वाट पाहू नये. जिथे तपासणीसाठी मुलाला जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते, तिथे ती अट म्हणजे उपचार नाकारणेच ठरते.

भौतिकोपचारतज्ज्ञ : झटक्यांची औषधे घेणाऱ्या मुलाची तरी तपासणी वर्षातून एकदा व्हावी, कारण त्याला ती मात्रा पुरतेच असे नाही. आणि ती औषधे हाडांच्या भीतीने कोणी स्वतःहून बंद करू नयेत.

बालरोगतज्ज्ञ : या दोन्हींवर मतभेद नाही.

मतभेद उरतो तो प्राधान्याचा : एखाद्या कुटुंबाला एकच गोष्ट नेमाने करता येणार असेल, तर ती थेंब देणे असावी की मुलाला बाहेर आणून उभे करणे असावी. बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे असे की ज्या गोष्टीला सर्वांत कमी हात लागतात ती आधी सुरू करावी, कारण मुडदूस टळतो तो तिनेच. भौतिकोपचारतज्ज्ञांचे म्हणणे असे की सोपी गोष्ट सुरू झाली की अवघड गोष्ट कायमची मागे पडते, आणि थेंबांच्या बाटलीवर सर्वांचे कर्तव्य संपते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि या पेचावरचा मार्ग कुटुंबापेक्षा व्यवस्थेच्या हाती अधिक आहे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी करतो. त्याच्या यादीत जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब व दिव्यांगत्व असे चार भाग आहेत. जीवनसत्त्व ड च्या अभावाने होणारा मुडदूस कमतरतांच्या भागात येतो आणि हालचालीतील विलंब विकासाच्या भागात येतो. वस्तुतः ही दोन्ही लक्षणे एकाच मुलाची असू शकतात आणि एकमेकांना वाढवतात. पण एक नोंद औषधाकडे जाते, दुसरी व्यायामाकडे जाते, आणि दोन्ही वाटा एका घराच्या दारात क्वचितच मिळतात. शिवाय जे मूल अंगणवाडीत किंवा शाळेत येऊच शकत नाही, ते तपासणीच्या पथकासमोर येण्याचीच शाश्वती नसते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता देतो आणि आरोग्यसेवा हा त्या व्यक्तींचा हक्क मानतो. तो हक्क या मुलांपर्यंत पोहोचायचा असेल तर पथकाने त्यांच्या घरी गेले पाहिजे.

तीर्थपुरी आता नगर पंचायतीचे गाव आहे, आणि त्याच्या आकाराच्या गावात हालचाल मर्यादित असलेल्या मुलांची यादी आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या आठवणीतूनही तयार होऊ शकते, इतकी ती मुले त्यांना परिचित असतात. त्या यादीतील प्रत्येक मुलाच्या नावापुढे पाच गोष्टी एकाच कागदावर लिहिलेल्या असाव्यात : रोजची मात्रा, कॅल्शियम देणारा त्याला गिळता येईल असा पदार्थ, ऋतूप्रमाणे उन्हाची वेळ, उभे करण्याची पद्धत व कालावधी, आणि उचलताना घ्यायची काळजी, त्याखाली पाय सुजल्यास किंवा मूल अकारण रडू लागल्यास कोठे न्यावे हे असावे. उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाबरोबर तो कागद जावा, आणि मूल मागे राहणार असेल तर त्याला अंगणात आणणारी शेजारची व्यक्ती आधीच ठरलेली असावी. जीवनसत्त्व ड चे थेंब या कागदावरील पहिली ओळ आहेत, आणि ती आजच लिहिता येते. उरलेल्या चार ओळी भरण्यासाठी वैद्यक, भौतिकोपचारतज्ज्ञ, सेविका आणि शेजार यांना एकत्र यावे लागेल; या मुलांच्या हाडांचे ऋण त्या सर्वांवर सारखेच आहे.